दहापैकी दहा

उजवा गुडघा बदलायचं ठरलं, त्या दिवशी डॉक्टरनं मला एक प्रश्न विचारला. इतकी वर्षं कोल्हापुरातले दवाखाने पालथे घातले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आजी, गुडघा बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?"

डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान. मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, "पोलीस भरतीला उभी ऱ्हाणार हाय."

तो हसला, पण पेन काही खाली ठेवलं नाही. "खरं सांगा. मला लिहायचंय."

मग मी खरं सांगितलं. "आमची म्हस माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत न्हाय. तिची धार काढायला बसता आलं पायजे."

त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं. माझं वय, माझं ब्लडप्रेशर, आणि त्याखाली 'म्हशीची धार काढायला बसायचं आहे'. मी मान वाकडी करून वाचलं. माझ्या एक्स-रेच्या फाइलीत माझी म्हैस जाऊन उभी राहिली होती. घरी येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दवाखान्यात एक पोरगी होती. ना नर्स, ना डॉक्टर. गळ्यात ओळखपत्र, हातात जाड वही. तिचं काम एवढंच, की माणूस घरी गेल्यावर त्याचं पुढं काय झालं ते विचारत राहायचं. तिनं मला एक कागद दाखवला. मधोमध रेघ मारलेली. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला गुण.

"एकाच कागदावर?" मी विचारलं.

"एकाच कागदावर, आजी. नुसता खर्च बघितला तर स्वस्तातलं चांगलं वाटतं. नुसता गुण बघितला तर कितीही खर्च चालतो असं वाटतं. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं, तुमच्या पैशाचं तुमच्या पायाला काय मिळालं."

डाव्या बाजूला खोली, औषधं, नवीन सांधा, तपासण्या हे सगळं होतंच. पण त्याखाली 'मुलाची बुडालेली हजेरी' असंही होतं. माझा मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. माझ्यासाठी तो रजा टाकणार, तोही खर्च ह्यांनी धरला होता. मी म्हटलं, "अगं, हे पैसे तुमच्या दवाखान्याला कुठं मिळणार हाईत?"

"आम्हाला नाही मिळणार. पण तुमच्या घरातून जाणारच की."

मी त्या पोरीकडे बघतच राहिले.

कारण तरुणपणी दवाखान्याच्या बाबतीत माझा हिशेब फार सोपा होता. सुई टोचली तर डॉक्टर. सलाईन लावली तर मोठा डॉक्टर. एकदा मला ताप आला होता. पहिल्या डॉक्टरनं नाडी बघितली, घसा बघितला आणि म्हणाला, पाणी पी, तीन दिवस पडून राहा. पैसेही किरकोळच घेतले. मी बाहेर येऊन स्टँडवरच्या सगळ्या बायकांना सांगितलं, "ह्याला काय येत न्हाय." तशीच दुसऱ्याकडे गेले. त्यानं सलाईन लावली, पैसेही दणदणीत घेतले. हाताला चिकटपट्टी लावून मी गावात अशी शिरले, जशी काही मैदान मारून आले. ती पट्टी भिजू नये म्हणून चार दिवस डावा हात वर धरून भांडी घासली. ताप उतरला तो सलाईननं की आपला आपण, हे मी कुणाला विचारलं नाही. स्वतःला तर नाहीच. मला बिलाचा आकडा पाठ होता, तेवढ्यात मी खूश.

अशी ही बाई. तिला आता अक्कल आली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. थांबा.

ऑपरेशन झालं. वॉर्डात आम्ही सहा जणी, सगळ्यांचे गुडघेच. शेजारच्या कॉटवर पेठ वडगावची एक बाई होती, अंगानं आडवी आणि आवाजानं त्याहून. घरी सोडायच्या आदल्या दिवशी वहीवाली पोरगी येऊन सांगून गेली, की दर आठवड्याला फोन येईल. दुखतं किती, वाकतं किती, झोप लागते का, सगळं विचारलं जाईल आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. शहरातल्या पेशंटकडे व्यायाम घ्यायला घरी माणूस येणार होतं. आम्ही लांबच्या गावांतल्या, म्हणून आम्हाला चित्रं काढलेला कागद मिळाला. त्यात बघून आपला आपण व्यायाम करायचा.

पोरगी गेल्यावर मी वॉर्डात सभा घेतली.

"ऐका गं," मी म्हटलं. "फोन आला की सगळं ब्येस हाय म्हणायचं. धापैकी धा द्यायचे. पोरगी चांगली हाय, तिच्या नोकरीचा प्रश्न हाय."

"नोकरीचा कसा?" वडगावची म्हणाली.

"दवाखान्याला येताना रिक्षावाला मला म्हणत हुता, मोबाइलवर पाच चांदण्या द्या मावशी, न्हायतर भाडं मिळत न्हाय. तसंच की हे. आपण कमी दिलं तर हिला काढून टाकतील."

सहाच्या सहा जणींना पटलं. मला फार पुण्य केल्यासारखं वाटलं.

घरी आले. पहिला आठवडा दुखलं, ते दुखणारच होतं. त्या कागदावरच्या बाईसारखी मी टाच मागं ओढायला गेले, तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या करू. कागद मात्र चांगला गुळगुळीत होता. तो मी फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरला. पाय समोरच्या खुर्चीवर सरळ ठेवायचा आणि बसल्या जागेवरून घर चालवायचं, असा माझा दिनक्रम सुरू झाला. टाके वडगावच्या डॉक्टरनं काढले. जखम भरली होती, ताप नव्हता. म्हणजे मी बरी, असं मी ठरवून टाकलं.

फोन आला. "आजी, पाय वाकतोय का?"

"वाकतोय की."

"दहापैकी?"

"धा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा दहा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

तिकडे गोठ्यात सून धार काढत होती. बिचारी पहाटे उठायची, कास धुवायची, गोड बोलायची, आंबोण पुढं ठेवायची. पण म्हैस पान्हा चोरायची. निम्म्यावर आलं की बंद. आणि शेवटची धार सगळ्यांत दाट असते. ती आतच राहिली की दूधही कमी आणि फॅटही कमी. डेअरीत मशीनमधून छापील चिठ्ठी येते, लिटर आणि फॅट एका ओळीत. ती चिठ्ठी मी रोज मागून घ्यायची.

"बघ, आज परत फॅट पडली," मी सुनेला म्हणायची.

"मी काय करू आत्ती? ती वळून दाराकडं बघत बसती. तुमची वाट बघती."

महिना झाल्यावर मुलगा एका संध्याकाळी म्हणाला, "आई, असं किती दिवस चालायचं? पेंड तेवढीच लागती, दूध निम्मं. वडगावच्या बाजाराला न्यावी म्हणतो. आत्ता तिला किंमत तरी येईल."

ही म्हैस माझ्या हातावर जन्मली. तिची आई व्याली तेव्हा दावणीला मीच होते. मी खुर्चीवरचा पाय उचलायला गेले, तर तो फळीसारखा ताठच्या ताठ उचलला गेला. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, दोन दिवसांनी फोन आला तेव्हा मी म्हटलं, "धा."

पाचव्या आठवड्यात ती पोरगी दारात उभी. फोन नाही, निरोप नाही. एसटीनं आली होती. बाहेर धूळ उडत होती, तिच्या वहीवरही बसली होती.

"ये की. बस. अगं, चहा टाक," मी आत ओरडले आणि पायावर शाल ओढली.

"कसा आहे पाय, आजी?"

"ब्येस हाय."

"दहापैकी?"

"धा."

"मग जरा वाकवून दाखवा की."

तिचं ते 'की' ऐकूनच मी ओळखलं, आता सुटका नाही. तिनं पिशवीतून दोन पट्ट्यांचं एक प्लास्टिकचं साधन काढलं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ. माझ्या मांडीला एक पट्टी लावली, नडगीला दुसरी, आणि पाय हळूच मागं न्यायला लागली. मी ओरडले. ती थांबली.

"पासष्ट," ती म्हणाली.

सून दारातून म्हणाली, "शंभरातनं?"

"नाही वहिनी, पाय किती वाकतो त्याचे हे अंश. खुर्चीवर नीट बसायलाच नव्वद लागतात. धार काढायला बसायचं तर एकशे दहाच्या आसपास." मग माझ्याकडे वळून, "आजी, तुम्ही असं का केलंत?"

"तुझी नोकरी टिकावी म्हणून."

मी रिक्षावाल्याची चांदण्यांची गोष्ट सांगितली. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"आजी, ते गुण माझे नाहीत. तुमच्या गुडघ्याचे आहेत."

तिनं वही उघडली. आत तोच कागद, मधोमध रेघ. दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत घरी माणूस जाऊन व्यायाम घेतलेले पेशंट, खालच्या ओळीत आम्ही कागदवाल्या. आमच्या ओळीत डावीकडचा खर्च कमी, आणि उजवीकडे गुण दहा. सहाच्या सहा जणींचे दहा.

"ह्याच्यावरून मला शंका आली," ती म्हणाली. "कितीही चांगलं ऑपरेशन असू द्या, इतक्या लवकर कुणी दहा देत नाही. आणि एकाच वॉर्डातल्या सहाही जणी? पण हे आकडे असेच राहिले असते, तर कुणाकडेच माणूस पाठवायचं नाही असं ठरलं असतं. कमी खर्चात तेवढाच गुण मिळतोय, मग कशाला पाठवायचं?"

"म्हणजे पुढच्या बाईला नुसता कागद?"

"नुसता कागद."

मी त्या ओळीकडे बघत राहिले. माझ्या खुर्चीत बसून मी एक थाप मारली, आणि ती चालत चालत कुठल्या तरी गावातल्या, मी कधी न बघितलेल्या बाईच्या गुडघ्यापर्यंत पोचणार होती. तिचाही पाय माझ्यासारखाच फळी होणार होता. एवढा लांबचा हात माझ्या शब्दाला आहे, हे मला साठीच्या पुढं कळत होतं.

खरं तर कळायला त्याआधीच हवं होतं. एकदा कळायची संधी मिळाली होती.

लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायला नुकतीच सुरुवात झाली होती. त्याआधी नुसतं माप. एक दिवस सासूबाईंनी मला दूध घालायला पाठवलं. मी नवी साडी नेसले होते, आणि रस्त्यात वरातीची बँडपार्टी चालली होती. बघत बघत चालले आणि ठेच लागली. किटलीतलं तांब्याभर दूध मातीत. आता माप कमी भरणार, सासूबाई बोलणार. मी काय केलं? संस्थेच्याच नळाला किटली लावली आणि भरून टाकली. माप बरोबर भरलं. स्वतःवर एवढी खूश झाले, की परतीच्या वाटेवर बँडच्या तालावर चालले.

फॅटचा आकडा आला तो सासूबाईंच्या हातात. त्यांनी माझ्यावर संशयच घेतला नाही. त्या म्हणाल्या, म्हैस आजारी आहे. गावातल्या जाणत्याला बोलावलं. त्यानं कसलासा कडू काढा उकळला, आणि तीन दिवस त्या धडधाकट म्हशीचं तोंड वर करून बांबूच्या नळकांड्यानं तो तिच्या घशात ओतला. दावं धरायला मी. म्हैस डोळे फाडून माझ्याकडे बघायची आणि मी गोठ्याच्या छपराकडे. सांगितलं असतं तर एक दिवस बोलणी बसली असती. नाही सांगितलं. नवी साडी, नवी सून, तोंड मात्र शिवलेलं.

आता ह्या पोरीच्या आकड्यांत मी पुन्हा नळाचं पाणी घातलं होतं. फक्त ह्या वेळी काढा अनोळखी बायकांच्या घशात जाणार होता.

"पुसून टाक," मी तिला म्हटलं. "माझे तीन लिही. आणि बाकीच्या पाच जणींचं मी बघतो."

तिच्या वहीतून नंबर घेऊन तिच्यासमोरच मी फोन लावला. पहिला वडगावच्या बाईला.

"काय गं, पाय वाकतोय का?"

"वाकतोय की, ब्येस हाय."

"माझ्यासंगं खोटं बोलू नगं. ते मीच शिकवलंय तुला."

तिनं आवाज खाली आणला. मग, "न्हाय वाकत बाई. संडासला बसताना सून धरती."

पाच जणींपैकी चौघींचं रडगाणं तेच निघालं. पाचवी मात्र खरंच व्यायाम करत होती. तिचा पाय वाकत होता आणि तिला आमचा रागही आला.

डॉक्टरशी बोलणं झालं. तो रागावला नाही, पण गोड गोडही बोलला नाही. अजून वेळ आहे, म्हणाला, पण फार नाही. आत्ता नाही वाकवला तर पुढं भूल देऊन, जोर लावून वाकवावा लागेल. त्रासही वाढणार आणि डाव्या बाजूचा आकडाही. प्रश्न एवढाच होता, की सहा गावांत सहा घरी माणूस रोज कसं पोचणार?

मीच म्हटलं, "आमच्या घरी कशाला येताय? आम्हालाच एका जागी गोळा करा की. आमच्या दूध संस्थेचा हॉल सकाळचं संकलन झाल्यावर संध्याकाळपर्यंत मोकळाच असतो."

पोरीनं ते वहीत लिहिलं. मी बोललेलं ह्या दवाखान्यात सारखं कुणी तरी लिहून घेत होतं. मला त्याची सवय होईना.

संस्थेच्या सेक्रेटरीनं डोकं खाजवलं, पण हॉल दिला. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम घेणाऱ्या मॅडम यायच्या. काडीसारखी बाई, पण तिच्या हातात पाय गेला की तो तिचाच. आम्ही सहा जणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसायचो. फरशीवर पेंडीचं रिकामं पोतं, पोत्यावर टाच. गुळगुळीत पोतं फरशीवरून सरकतं, त्याच्याबरोबर टाच मागं ओढायची. घरी न्यायला कागद होताच, माझ्या कागदावर फक्त लोणच्याच्या तेलाचे गोल डाग होते.

"आई गं, मेलो," वडगावची ओरडायची.

"ओरड की, ओरडायला कोण न्हाय म्हणतंय? टाच तेवढी ओढ," मी म्हणायची. मग माझी पाळी यायची आणि ती म्हणायची, "काय वो सभापती, आता कुणाला धा द्यायचे?"

भिंतीवर फॅटच्या दरांचा फळा होता. त्याच्या कोपऱ्यात सेक्रेटरी आमचे आकडे खडूनं लिहायला लागला. पासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी. दूध घालायला येणारी माणसं आधी फॅट बघायची आणि मग आमचे गुडघे. नव्वद झाले त्या दिवशी मी खुर्चीवर दोन्ही पाय जमिनीला टेकून बसले आणि चहा प्यायले. त्या चहाची चव वेगळीच होती.

मुलाला मी सांगितलं, "बाजार एक महिना लांबव." तो हो म्हणाला नाही, पण गेलाही नाही.

ऑपरेशनला तीन महिने झाले तेव्हा आम्ही सगळ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं कागद माझ्याकडे फिरवून ठेवला. आता ओळी तीन होत्या. घरी माणूस गेलेले, नुसत्या कागदावर असतानाचे आमचेच खरे आकडे, आणि तिसरी ओळ, संस्थेच्या हॉलमधल्या बायका. आमच्या ओळीत खर्च पहिल्या ओळीपेक्षा बराच कमी होता, आणि गुडघे जवळजवळ तेवढेच वाकत होते.

"एवढ्या सहा जणींवरून मी काही ठरवणार नाही," डॉक्टर म्हणाला. "आणखी दोन-तीन गावांत करून बघू. चांगलं निघालं तर सगळीकडे. नाही निघालं तर तेही लिहू."

नाही निघालं तर तेही लिहू! मी आयुष्यात स्वतःची चूक लिहून ठेवली नाही, आणि ही माणसं आपली चूक लिहायला रकाना आखून बसली होती. देवळात गेल्यावर कधी कधी उगीच हात जोडले जातात, तसं मला त्या कागदापुढं झालं. हात जोडले नाहीत. वडगावची बघत होती. तिचे एकशे अठरा आले होते आणि ती ते दारातल्या वॉचमनलाही सांगून आली होती. माझे एकशे आठ.

"बुटक्या पाटावर बसायचं नाही," डॉक्टरनं बजावलं. "उंच स्टूल घ्या."

मुलानं फौंड्रीतल्या भंगारातून चार नळ्या आणून स्टूल वेल्डिंग करून घेतलं. बाजाराचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात जाऊन त्या स्टुलावर बसले. गुडघा वाकला, कुरकुरला, पण वाकला. म्हशीनं मान वळवून मला हुंगलं. अंगाला मलमाचा वास होता, तो तिला आवडला नाही. शेपटीचा एक फटका माझ्या कानावर बसला. मी कास धुतली, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, आणि थांबले. बराच वेळ काही नाही. सून दाराशी श्वास धरून उभी. मग सड हातात भरत गेला, आणि पहिली धार बादलीच्या तळावर वाजली.

शेवटची दाट धारही निघाली. डेअरीतून सूनच चिठ्ठी घेऊन आली. तिनं ती माझ्यापुढं धरली. लिटरही वाढले होते, फॅटही. एका ओळीत, शेजारी शेजारी.

त्याच आठवड्यात फोन आला. "आजी, धार काढायला बसता आलं?"

"आलं! पान्हा सोडला की तिनं."

"अरे वा! मग दहापैकी किती?"

तोंडावर दहाच आलं होतं. मी ते गिळलं.

"बसता येतंय. पण स्टुलावरनं उठताना कळ येती, आणि गोठ्याची पायरी उतरताना कठडा धरावा लागतोय. सात लिही."

"नक्की सात?"

मी फोन कानाला तसाच ठेवला, खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले.

"साडेसहा," मी म्हटलं.